पक्कडीचा वळ

मी फ्यूजची क्लिप बोलतेय. हसू नका. तुमच्या घरात, दुकानात, दवाखान्यात भिंतीवर विजेचा बोर्ड असतो ना, त्याच्या झाकणाआड माझ्या जातीच्या दोघी-दोघी जणी फ्यूजला दोन्ही टोकांनी धरून उभ्या असतात. फ्यूज जळला की त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी. त्याला धरून ठेवणारीची कोणी चौकशीसुद्धा करत नाही. चालायचंच.

मी मात्र कुठल्याच भिंतीवर नाही. एका कारखान्यात, जुळणीच्या टेबलावर, खिळ्याला अडकवलेली आहे. माझा एक जबडा आत वाकलाय आणि तोंड निळं-तपकिरी पडलंय. हे कसं झालं, ते ऐकाच.

क्लिपचं काम वरवर सोपं दिसतं. धरून ठेवायचं, बस्स. पण घट्ट धरायचं आणि सगळ्या अंगानं धरायचं, ही खरी मेख आहे. जुनी क्लिप म्हणजे तांब्याची एक पट्टी, वाकवून दोन जबडे केलेली. एखादा जाडसर फ्यूज कोणी रेटून बसवला की ती फाकते, ती फाकलेलीच राहते. पुढचा बारीक फ्यूज तिला नुसता एका कडेला टेकतो. टेकतो तिथे तापतो. तापलं की पट्टीतला ताण मरतो, आणि ताण मेला की पकड आणखी सैल. शेवटी धूर. यावर वायरमन मंडळींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच उपाय: पक्कड घ्यायची, क्लिप दाबायची, 'धरली बघा' म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

या टेबलावर मावशी बसतात. वयानं आणि अधिकारानं त्या सगळ्या कारखान्याच्या मावशी. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं पूर्ण उघडत नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी चालू बोर्डातला तापलेला फ्यूज काढायला त्या गेल्या आणि सैल क्लिपमधून आगीचा लोळ उठला, तो थेट हातावर. "त्या दिवशी घाईत दाबायची राहिली होती," असं त्या अजून म्हणतात. तेव्हापासून एप्रनच्या खिशात पक्कड असतेच. क्लिप दिसली की आधी उजवी दाबायची, मग डावी, मग फ्यूज. बोलता बोलता, हसता हसता, दुसरीकडे बघतसुद्धा.

हात भाजला तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. आईची बोटं वेणी घालेनात, म्हणून पोरगी आपले आपण केस गुंडाळून त्यात पेन्सिल खुपसायला शिकली. तीच आज या कारखान्यात आराखडे काढते. पेन्सिल अजून डोक्यातच आहे, म्हणून सगळे तिला पेन्सिलबाई म्हणतात. मायलेकी कामावर येताना नातं फाटकाबाहेर ठेवून येतात. लेक आईला चारचौघांसारखं मावशी म्हणते, आणि आई लेकीला "अहो बाई" करते. घरी काय चालतं ते मला ठाऊक नाही.

पेन्सिलबाईंनी मला घडवायला दोन वर्षं घेतली. माझ्याआधी अकरा जणी होऊन गेल्या. कोणी फ्यूज सोडलाच नाही, कोणी धरलाच नाही. मी बारावी. माझे दोन्ही जबडे वेगवेगळे, प्रत्येक जबडा पाठीमागच्या एका गोल उंचवट्यावर तोललेला, आणि त्यामागे पोलादी स्प्रिंग. फ्यूज जाड असो, बारीक असो, तिरका बसलेला असो, माझे जबडे आपणहून कलतात आणि त्याच्या टोकावरच्या धातूच्या टोपीला सपाट बसतात. मला कोणी समजावायला लागत नाही. "हिला पक्कड लागणार नाही," पेन्सिलबाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्या माझ्याकडे नाही, मावशींच्या हाताकडे बघत होत्या. मला थोडा रागच आला होता तेव्हा.

साहेबांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, हे सगळं खूळ वाटत होतं. "जुनी क्लिप वीस वर्षं चालतेय. बाहेरच्या परीक्षकाला बोलावतो. चार तास पूर्ण करंटवर तापमान पंच्याण्णव अंशांच्या आत राहिलं, तर पुढच्या सगळ्या बोर्डांत तुमची क्लिप. नाही राहिलं, तर हा विषय कायमचा बंद." म्हणजे माझ्यावर सगळा डाव लागला होता. मी हरले की पुन्हा तीच फाकणारी पट्टी, आणि तिच्यासमोर पुन्हा कोणाचा तरी हात.

परीक्षक सकाळी आले. बारीक अंगाचे, तोंडात खोकल्याची गोळी, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी मला आणि फ्यूजचं दुसरं टोक धरणाऱ्या माझ्या जुळीला मापून घेतलं, बोर्डावर सहीचा कागद चिकटवला आणि म्हणाले, "आता फक्त फ्यूज बसवा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

फ्यूज बसवायचं काम मावशींचं. पेन्सिलबाई वही उघडून तापमानाचे रकाने आखत होत्या. साहेब दारातून येत होते. परीक्षक चष्मा पुसत होते. मावशींनी फ्यूज उचलला, आणि त्याच वेळी दुसरा हात एप्रनच्या खिशात गेला.

मला ओरडावंसं वाटलं. क्लिपला जबडे असतात, जीभ नसते.

पक्कड माझ्या उजव्या जबड्यावर बसली. एकदाच, मायेनं, करकचून. उंचवट्यावरून जबडा घसरला आणि त्याची कड आत वळली. मावशी डाव्या बाजूच्या माझ्या जुळीकडे वळणार, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, "मावशी, झालं का?" "झालं, झालं," म्हणत त्यांनी पक्कड खिशात टाकली आणि फ्यूज बसवला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्यासुद्धा नाही. आपण श्वास घेतला हे कोणाच्या लक्षात राहतं? जित्याची खोड म्हणतात ती हीच.

करंट सुरू झाला. आम्हा दोघींना बारीक तारा चिकटवलेल्या होत्या, त्यांच्यावरून तापमान कळत होतं. दर वीस मिनिटांनी परीक्षक आकडे वाचायचे, पेन्सिलबाई लिहायच्या.

"डावी बावन्न. उजवी अठ्ठावन्न."

"डावी चौसष्ट. उजवी त्र्याहत्तर."

पेन्सिलबाईंचा हात थबकला. दोघी एकाच साच्यातल्या, एकाच पट्टीतल्या. "तारा नीट चिकटल्यात ना?" त्यांनी विचारलं. परीक्षकांनी तारा तपासल्या. नीट होत्या.

दीड तासानं माझी जुळी एकाहत्तरवर थांबली ती थांबलीच. शहाणी बाई. मी त्र्याऐंशीवर होते आणि थांबायचं नाव नव्हतं. मी फ्यूजला एका कडेनं धरून होते, जीव खाऊन, आणि त्या कडेवर सगळा करंट लोटत होता. दुसरा जबडा सपाट बसला होता, पण एकटा किती ओढणार? स्प्रिंगमधला जोर कमी होतोय, हे मला आतून कळत होतं. साहेब आता खुर्चीवर टेकून बसले होते आणि त्यांचा चेहरा 'मी म्हटलंच होतं' असा होऊ लागला होता.

"शहाऐंशी," परीक्षक म्हणाले.

पेन्सिलबाईंनी वहीतली आकृती काढली, उलटी केली, सुलटी केली. ओठ चावत त्या पुटपुटल्या, "उजवीच का? उजवीच का?"

मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी हात एप्रनला पुसले, तेव्हा एक हात खिशातल्या पक्कडीवर आपटला. त्यांनी ती सहज बाहेर काढली. पक्कडीच्या तोंडावर पांढरी चकचकीत रेघ होती. माझ्या अंगावर कथलाचा मुलामा आहे, जुन्या क्लिपवर नसतो. मावशी त्या रेघेकडे बघत राहिल्या.

त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते मला तेव्हा कळत होतं, कारण दोघींचा जीव एकाच आकड्यावर टांगलेला होता. बोललं तर सही झालेल्या नमुन्याला हात लावला म्हणून नोकरी जाईल, आणि मायलेकींनी संगनमत केलं असंही कोणी म्हणेल. गप्प बसलं तर लेकीची दोन वर्षं पाण्यात, तीही आपल्याच हातानं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अठ्ठ्याऐंशी."

मावशींनी पक्कड मुठीत लपवली. मी त्यांना दोष देत नाही.

"एक्याण्णव."

"थांबवा," मावशी म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की कोणी वळून पाहिलं नाही. मग त्या टेबलापाशी आल्या आणि पक्कड वहीवर ठेवली. "अगं, मी दाबली. उजवी. फ्यूज घालायच्या आधी. मला कळलंसुद्धा नाही गं."

कारखान्यात इतक्या वर्षांत लेकीला 'अगं' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

परीक्षकांनी करंट बंद केला. फ्यूज काढून भिंगातून मला पाहिलं. वळ स्पष्ट होता. "सहीनंतर नमुन्याला हात लागला. चाचणी बाद," ते म्हणाले. "नापास नाही, बाद. दुसरा नमुना द्या, उद्या पुन्हा घेतो."

साहेबांचा चेहरा उजळला. खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही. आपल्या कारखान्यात नवं काही झालं, तर त्यांनाही हवंच होतं. "मग प्रश्नच मिटला! उद्या मावशींना बाहेर बसवा. फ्यूज मी बसवतो. डावी एकाहत्तरवर थांबली, म्हणजे पास होणारच."

पेन्सिलबाई मला हातात घेऊन उभ्या होत्या. मी अजून चटका देत होते, तरी त्यांनी सोडलं नाही.

"नापास लिहा," त्या परीक्षकांना म्हणाल्या.

"काय?" साहेब उठलेच. "डोकं ठिकाणावर आहे का? क्लिप चांगली आहे!"

"उद्या पास होईल, साहेब. पण विकली गेल्यावर प्रत्येक बोर्डासमोर काय लिहू? आईला बाहेर बसवा म्हणून? जगातला प्रत्येक वायरमन हिला दाबणार आहे. त्यांनाही कोणीतरी, कधीतरी भाजलेलं आहे. मी फ्यूजची जाडी मोजली, तिरकेपणा मोजला, आणि जिच्यासाठी हे करतेय तिचा हातच विसरले. चूक आईची नाही. माझी आहे."

परीक्षकांनी तोंडातली गोळी या गालातून त्या गालात नेली आणि 'नापास' लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी. साहेब दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "पंधराच. सोळावा नाही."

नापास म्हणजे मी. दोन वर्षांचं कौतुक, आणि कपाळी हा शिक्का. मी रागानं आणखी थोडी तापले असेन.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर वेगळंच काम सुरू झालं. पेन्सिलबाई नवीन नमुना आईसमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दाब. मला दाखवायला नको, सवयीनं दाबतेस तशी दाब." मावशी आधी भीतभीत दाबायच्या. मग लेक मुद्दाम इकडच्या तिकडच्या गप्पा काढायची आणि गप्पांच्या नादात पक्कड खरी बसायची. सहा जणी मोडल्या. एकेक मोडली की मावशींच्या डोळ्यांत पाणी, आणि लेक मात्र वाकून, मोडलेल्या जागेकडे बघत वहीत लिहिणार.

सातवीला जबड्यांच्या बाहेरून दोन्ही बाजूंनी पोलादी गाल, म्हणजे जाड पट्ट्या, लावले होते. पक्कड गालांवर बसते, गाल आतल्या खुंटाला टेकून थांबतात, आणि जबड्यांना धक्काही लागत नाही. मावशींनी ती चाळीस वेळा दाबली. मग उभ्या राहून, दोन्ही हातांनी दाबली. ती ढिम्म. फ्यूज घातला तर जबडे हळूच कलून सपाट बसले, जणू काही घडलंच नाही.

पंधराव्या दिवशी परीक्षक आले. मापं घेतली, सही केली. पेन्सिलबाईंनी पक्कड त्यांच्यापुढे धरली. "आधी तुम्ही दाबा."

परीक्षकांनी पक्कड घेतली, क्षणभर पाहिली आणि मावशींकडे दिली. "यांचा हात बसलेला आहे. यांनाच दाबू द्या." मावशींनी उजवी दाबली, डावी दाबली, फ्यूज घातला. चार तासांनी आकडा होता बहात्तर, दोन्हीकडे. मी समोर खिळ्यावरून बघत होते. त्या चार तासांत मला वाटलेली धाकधूक मी कोणाला सांगितलेली नाही. तुम्हालाच सांगतेय.

आता माझ्या धाकट्या बहिणी कुठे कुठे गेल्या आहेत. प्रत्येक खेपेतली एक मावशींपुढे येते. पक्कडीनं दाबून बघणं हे आता त्यांचं रीतसर काम आहे. मला त्यांनीच खिळ्याला लावलंय. आसपास कोणी नसलं की वाकड्या बोटांनी माझा वळ चाचपतात आणि विचारतात, "दुखतं का गं?" भाजणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींना माहीत आहे. नाही दुखत, मावशी. खरंच नाही.

वस्तू घडवणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. वस्तू तयार झाली की तुमच्या जवळच्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प उभे राहून बघा. हात जे करेल, त्यावर रागावू नका.

एक सांगायचं राहिलंच. चाचणी पास झाली त्या दुपारी सगळे जेवायला गेले, पण पेन्सिलबाई गेल्या नाहीत. त्या स्टूल ओढून आईच्या पुढ्यात पाठमोऱ्या बसल्या आणि केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"आई, वेणी घाल."

"माझ्या हातानं? वाकडी होईल गं."

"होऊ दे."

मावशींनी पेड घेतले. तीन बोटं उघडत नव्हती, पेड निसटत होते, पुन्हा धरले जात होते. बराच वेळ लागला. वेणी वाकडीच झाली. पण संध्याकाळी दिवे मालवून सगळे घरी निघाले, तेव्हाही ती सुटली नव्हती.