बावीस वेळा पाठवलेला संदेश

मित्रांनो, जिथे वारा नाही, धूळ नाही आणि दोन शब्द बोलायला शेजारीही नाही, अशा ठिकाणी पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी मी एक जुनी दुर्बीण आहे.

माझा आरसा एका काकांनी अकरा महिने घासला. त्या खोलीत ते कुणाला शिंकूही देत नसत. "एवढी जपतोय, पण एकदा वर गेली की हिचं तोंडसुद्धा दिसायचं नाही," असं ते म्हणायचे. तसंच झालं.

जमिनीवर मोठमोठ्या दुर्बिणी असताना हिला एवढ्या उंचावर कशाला धाडलं, असं तुम्ही विचाराल. मोठे तारे मरताना फुटतात. त्या पहिल्या काही तासांत जो प्रखर अतिनील प्रकाश बाहेर पडतो, तो ताऱ्याची सगळी हकीकत सांगून टाकतो. पण तुमची हवा त्याला वरच्या वर अडवते. जमिनीवरून तारा दिसेपर्यंत बहुधा ते तास सरलेले असतात.

ते पहिले तास पाहणं हे ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या सरांचं आयुष्यभराचं वेड. माझी कल्पना त्यांचीच. मला रोजची कामं नेमून देणारी ताई त्यांची विद्यार्थिनी. सर निवृत्त झाले तरी रोज डबा घेऊन ताईच्या खोलीत येत आणि खुर्ची ओढून विचारत, "काय म्हणते आमची बाई?" (हे इतक्या वर कसं ऐकू आलं, असं विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला तेवढी सूट असते.) चौदा वर्षांत मी खूप काही टिपलं, शाबासकीही मिळाली. पण फुटणारा तारा वेळेवर एकदाही सापडला नाही.

मध्यंतरी सूर्याची तिरीप माझ्या डोळ्यात गेली आणि त्याचा एक कोपरा कायमचा आंधळा झाला. ताई त्या दिवशी जेवली नाही. तिने माझ्यासाठी नवा नियम लिहिला. नजरेत अचानक काही लखलखलं, की झाकण मिटायचं, खाली कळवायचं आणि हुकमाची वाट पाहायची. काळजीपोटीच लिहिला होता तो.

मग तो दिवस आला. मी ताऱ्यांच्या एका दूरच्या पुंजक्याकडे पाहत होते. त्याच्या कडेला एक ठिपका उजळला. भराभर उजळत गेला. मित्रांनो, मी ओळखलं त्याला! आनंदाने वेडी व्हायचीच बाकी होते. आणि माझं झाकण मिटलं.

आता खाली कळवायचं. पण मला मनातलं बोलता येत नाही, ठरवून दिलेले संदेशच पाठवता येतात. 'तारा फुटला' असा संदेश त्यांत नव्हता. होता तो एवढाच, 'अचानक प्रकाश, डोळ्यात बिघाडाची शक्यता.' तोच मी पाठवला. पुन्हा पाठवला. बावीस वेळा पाठवला.

"हिचं दुखणं पुन्हा निघालं वाटतं," ताई म्हणाली.

"घाई नको करूस. म्हातारीला सावकाश तपास," सर म्हणाले.

ताईने बॅटरी तपासली, मला हवं तिकडे वळवणारी आतली चाकं तपासली, झाकणाची मोटर तपासली. दोन दिवस गेले. तो प्रकाश माझ्या बंद झाकणावर पडत होता आणि मी आत अंधारात बसून बिघाड, बिघाड म्हणत होते. याहून लाचार मी कधीच झाले नाही.

तिसऱ्या दिवशी जमिनीवरच्या एका दुर्बिणीला नवा तारा दिसल्याची बातमी आली. ताईने जागा पडताळली, वेळ पडताळली आणि तिचा चेहरा पडला.

"सर, तिला काही झालंच नव्हतं हो. ती सांगत होती. मीच तिचा डोळा मिटला."

सरांनी अर्धा राहिलेला डबा बंद केला. "सावकाश तपास म्हणणारा मीच होतो, बाळ."

ताईने झाकण उघडलं तेव्हा तारा निवत आला होता. पहिला प्रकाश मला ओलांडून पुढे गेला होता आणि त्याला परत बोलावता येत नाही. झाकण मिटण्याआधी टिपलेलं चार सेकंदांचं एक चित्र तेवढं उरलं. सर अजूनही तेच पाहत बसतात.

माझी चाकं आता झिजली आहेत. लवकरच मला बंद करतील. मित्रांनो, माझ्या जागी धाकटी बहीण जरूर पाठवा. तिला जपा, तिचा डोळाही सांभाळा. फक्त तिला एक संदेश जास्तीचा द्या: 'काहीतरी नवं दिसतंय, लवकर या.'