रंगात अडकलेला काटा

आज सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा मात्र नाही. उरल्याच्या कारखान्यांकडची धूळ जागच्या जागी लटकलेली. अशा कुंद दिवसात लोखंडाचाही जीव आंबतो. मी रायपूरच्या जुन्या, छोट्या स्टेशनातला वजनकाटा बोलतोय. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. ओझं तेवढं कळायचं.

पार्सल ऑफिसच्या दारात मी उभा असायचो. तांदळाची पोती, तेंदूपत्त्याचे गठ्ठे, कुणाची शिलाई मशीन, सगळं आधी माझ्यावर चढायचं, मग गाडीत. माणसंही चढायची. वजन जास्त भरलं की म्हणायची, काटाच बिघडलाय.

मागच्या क्वार्टरांत नागपूरकडची रेल्वेवाली कुटुंबं राहायची. त्यांची एक रीत होती. पोर झालं की नाव ठेवायच्या आधी त्याला माझ्या फळीवर निजवायचं. एवढुशा जिवाने काटा कसाबसा रेघभर हलायचा. पण हलला की बायका म्हणायच्या, "भरलं हो." मगच नाव. भिंतीपलीकडची माझी शेजारीण शांताबाई, तिची पोरं मीच तोलली.

पुढे शहर नव्या राज्याची राजधानी झालं. मग गाड्या बंद झाल्या, मी धूळ खात राहिलो. हल्ली स्टेशन पुन्हा सजवलंय, परदेशी पाहुणे बघायला येतात. मला काळा ऑइलपेंट फासला, थरावर थर, सांध्यांत, काट्यावरसुद्धा. भोवती दोरी बांधली. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. मी चकाकतो. हलता मात्र येत नाही.

आज शांताबाई आली, सोबत सून दीपमाला. दोरी ओलांडून शांताबाईने नातवाला फळीवर ठेवलं.

"अम्मा, अस्पताल में वज़न हो गया है," सून कुरकुरली.

"ते दवाखान्याचं. हे आपलं होय."

पहारेकरी भैय्यालाल धावत आला. "दाई, लइका ला उतार. बाहिर के पहुना आवत हें."

"येऊ दे. त्यायलेही बसव यावर."

कितीतरी वर्षांनी अंगाला ऊब लागली. मी सगळा जीव एकवटला. काटा शून्यावरच.

"देखो, आपका पोता तो हवा है," सून हसली.

शांताबाई हसली नाही. तिने नखाने काटा खरवडला, नख काळं झालं. मग बाळाला उचलून घेतलं. आता ही परत यायची नाही, असं मला वाटलं. कुणीतरी माझे सांधे मोकळे करा, एवढंच मागणं होतं, पण ते सांगू कुणाला? ती मात्र वाकली आणि हळूच म्हणाली, "उद्या मी घासलेट अन् चिंधी घेऊन येतो, बापा. तोवर पोट्ट्याचं नाव नाही ठेवत. कुठी जाऊ नको."