अर्धी पुडी

“आत नका ओढू मावशी. लाळ बाहेर, नळीत सोडा.”

मैनाबाईंनी नळी ओठांपासून दूर केली. वय अडुसष्ट. त्यातली तीस वर्षं हातमागावर, धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने धागा ओढण्यात गेलेली. ओठांना काही टेकलं की तोंड आपोआप आत ओढायचं.

“आदत हाय वं पोरी.” त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

रामदासपेठेतला दातांचा दवाखाना. तिसरा महिना. डॉक्टर प्रीती ज्यात काम करते तो अभ्यास असा : म्हातारपणी लाळेची रोगाशी लढायची ताकद घटते, ती आवळा-डाळिंबसालीच्या पुडीने वाढते का? निम्म्यांना खरी पुडी. निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच तुरट, पण खोटी. आपली कोणती, हे अभ्यास संपल्यावर कळणार. मैनाबाई मात्र दर खेपेला विचारायच्या.

पहिल्या महिन्यात नळीचा फक्त तळ ओला झाला होता. आज लाळ खुणेपर्यंत आली.

प्रश्न ४. तोंड कोरडं पडतं का?

“कमी. भाकर पान्याबिगर उतरून राहिली.”

प्रश्न ५. तोंडात आग होते का?

“नाई. बुढ्याचीबी गेली.”

प्रीतीचं पेन थांबलं. “नत्थूजींची? तुमचे यजमान कुठं आहेत अभ्यासात?”

“त्याचं तोंड आलं होतं ना. मंग अर्धी पुडी त्याले, अर्धी मले. आमच्या घरी कोनी एकट्यानं काही खात नाई.”

प्रश्न ६. रोज पूर्ण पुडी घेतली का? हो. नाही.

प्रीती हळू आवाजात म्हणाली, “‘नाही’ लिहिलं तर नाव बाद होतं, मावशी. मग पुडी कोणती होती तेही कळवत नाहीत.” तिने कागद पुढे सरकवला. “तुम्हीच खूण करा.”

मैनाबाईंनी पेन हातात घेतलं.

“‘हो’ केलं तं सांगशीन?”

“शेवटी. हो.”

“पन मोजशीन तं पूर्ण पुडी धरून. मंग पुडीनं गुन आला का, हे तू सांगशीन ते खरं कसं राहीन?”

त्यांनी ‘नाही’वर खूण केली. नीट, दाबून.

“तुले काय वाटते? खरी होती का?”

“मलाही माहीत नाही. आम्हालाही सांगत नाहीत.”

“तुलेबी नाई?” मैनाबाईंना हसू आलं. नळी त्यांनी खिडकीशी धरली. प्रीती शेजारी येऊन उभी राहिली. दोघींनी उजेडात खुणेपर्यंत आलेली लाळ बघितली.

मग मैनाबाईंनी नळी बेसिनमध्ये रिकामी केली, दोनदा धुतली आणि पुढच्या माणसासाठी उपडी ठेवली.

नळी एकदाच वापरतात, हे प्रीतीने सांगितलं नाही.