नमुना क्रमांक पाच

कर्नल खंडेराव गायधनींना कॅन्सर नव्हता. रिपोर्ट स्वच्छ आला, विषय संपला. पण खुद्द कर्नलसाहेबांना हे बुधवारी दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हीही ते वाचलंच नाही असं धरा.

तर बुधवारी सकाळी, नाशिकजवळच्या एका लष्करी प्रयोगशाळेत, संचालक गायधनी मायक्रोस्कोपपुढे बसले होते. समोर आठ माणसांच्या प्रोस्टेटचे नमुने. आठही फौजेतले, आठही पंचावन्न ते साठच्या मधले. त्यांतला एक माणूस म्हणजे स्वतः संचालक. कितवा, ते मात्र त्यांनाच माहीत नव्हतं.

नियम त्यांचाच होता. लेहला असताना एका मित्राची स्लाइड बघून त्यांनी तीनदा "ठीक आहे" म्हटलं होतं. ते ठीक नव्हतं. तेव्हापासून नाव बंद, फक्त नंबर. साहेबांनी रोगाचं निदान मोठ्याने सांगायचं, गेणूने रजिस्टरात लिहायचं. नावांच्या रकान्यावर गेणू जुन्या एक्स-रेची काळी पट्टी चिकटवी आणि सगळी निदानं होऊन साहेबांची सही पडेपर्यंत ती निघत नसे. जिथे बदली होई तिथे ट्रंकेसोबत हा नियमही जाई. आईचा नंबर विचारायला आलेल्या एका ब्रिगेडिअरला साहेबांनी बाहेरच्या बाकावर दोन तास बसवलं होतं.

स्लाइड वाचणाऱ्या दुसऱ्या डॉक्टर, मेजर स्नेहल, बाळंतपणाच्या रजेवर होत्या. आपला नमुना पुण्याला पाठवता आला असता, पण त्या अर्जात 'कारण' असा रकाना होता. तिथे 'भीती' लिहावं लागलं असतं.

"एक. स्वच्छ," साहेब म्हणाले.

"लिव्हलं," गेणू म्हणाला.

गेणू बोरस्ते निफाडचा. लेहला साहेबांच्या हाताखाली हवालदार होता. पेन्शनीत निघाला आणि पुन्हा इथेच टेक्निशियन म्हणून चिकटला. नंबर त्यानेच टाकलेले. म्हणजे साहेबांचं नशीब टेबलापलीकडे, दोन हातांवर, पेनचं टोपण चावत बसलं होतं.

"दोन. स्वच्छ." साहेबांनी नजर वर केली. "गेणू, चेहरा असा काय केलास?"

"चेहरा असाच हाय, साहेब. जन्मापासून."

तीनला साहेबांनी वीस मिनिटं घेतली. स्वच्छ. चारही स्वच्छ. हे दोन्ही आपलेच असावेत असं त्यांना वाटलं. मग फोन वाजला. उज्वलाताई होत्या.

"अहो, रिटायरमेंटच्या जेवणाला हॉलवाल्याला किती पानं सांगू?"

"आठ," साहेब ट्रेकडे बघत म्हणाले.

"आठ? माझ्या माहेरचेच चौदा आहेत!"

"मग चौदा सांग," म्हणून त्यांनी फोन ठेवला. घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. तपासणीच्या दिवशी ते 'मीटिंग'ला गेले होते.

पाचवी स्लाइड लावली. साहेबांचा हात फोकसच्या चाकावरच थांबला. चौतीस वर्षांत हे दृश्य त्यांनी हजारदा पाहिलं होतं. शिस्त मोडून, रांग सोडून वाट फुटेल तिकडे निघालेल्या पेशी. त्यांनी स्लाइड काढली, पुसली, पुन्हा लावली. पेशी तशाच.

"पाच," ते म्हणाले. मग ते पाणी प्याले. "पाच. वाईट आहे, गेणू. बराच पसरलाय."

गेणूचं पेन क्षणभर थांबलं. मग त्याने सावकाश, दहावीच्या पेपरात लिहावं तसं लिहिलं.

"लिव्हलं. पुढं, साहेब."

"तू थांबलास."

"शाई अडकली."

साहेबांना कळून चुकलं. शाई गेणूची कधीच अडकत नसे. बिचारा आपल्याला सांगू शकत नाही. नियम आपलाच, आता कुणाला बोलणार?

"चहा घेता, साहेब?" गेणूने विचारलं. "आलं टाकून आणतो."

चहाचं पहिल्यांदाच विचारलं होतं त्याने. लॅबमध्ये चहा प्यायचा नाही, हाही साहेबांचाच नियम. पुरावा पक्का झाला. साहेबांनी मनातल्या मनात चौदा पानं रद्द केली, पेन्शनच्या फॉर्मवरचं वारसाचं नाव तपासलं, पळसे गावच्या शेतातला वादाचा बांध भावाला सोडून दिला. सहा, सात, आठ त्यांनी जवळजवळ प्रेमाने स्वच्छ म्हटले. मग सही केली.

"काढ पट्टी."

"उद्या काढू की, साहेब."

"गेणू, काढ."

गेणूने नखाने पट्टी सोलली. साहेबांचं बोट थेट पाचवर गेलं. तिथे गेणूच्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: बोरस्ते गेणू लक्ष्मण, वय अठ्ठावन्न. गायधनी तीनवर होते.

साहेबांना आधी हायसं वाटलं. पूर्ण दोन सेकंद. ते त्यांना पुढे आयुष्यभर मोजता आले.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"नाव बंद हाय ना, साहेब." गेणूने टोपण लावलं. "तुमी तिसरी लय येळ बगितली. मला वाटलं, तुमालाच काय झालं. घाबरलो मी."

मग तो आलं घातलेला चहा आणायला गेला. दोन कप आणले. दोघेही लॅबमध्येच प्यायले.

संध्याकाळी कर्नलसाहेबांनी अर्ज लिहिला, सही केली आणि आवक-जावक वहीत रीतसर नोंदवला:

"विषय: नमुन्यांची बदली करणेबाबत. महोदय, खाली सही करणारा चौतीस वर्षांत जिथे बदली झाली तिथे विनातक्रार गेला आहे. तरी नमुना क्रमांक पाच त्याच्या नावे वर्ग करून नमुना क्रमांक तीन श्री. बोरस्ते यांना देण्यात यावा. श्री. बोरस्ते यांना विचारू नये, ते नाही म्हणतील. आदेश तातडीने व्हावेत, ही विनंती."