माझं दुसरं इंजिन

मी एक जुनी जीप आहे, परळच्या एका शेडमध्ये उभी. शिक्षण म्हणाल तर नंबरप्लेटीवरचे आकडे तेवढे वाचता येतात. पण माणूस दार कसं लावतो, यावरून त्याची लायकी बरोबर ओळखते.

मित्रांनो, शेजारी लाल शर्यतीची गाडी आहे ना, ती आणि मी साठ वर्षांपूर्वी कमलाकांतरावांकडे आलो. तिच्यात जागा एकाच माणसाची, तीही पाय आखडून. पोट जमिनीला टेकलेलं. गतिरोधक दिसला की बाईसाहेबांना घाम! दोन शर्यती धावली, एक जिंकली, आणि बसली चादर पांघरून. मी मात्र घाट चढले, नदीतले गोटे तुडवले, वऱ्हाडं नेली, सिमेंटची पोतीसुद्धा वाहिली. राव बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "ही आहे म्हणून माझं चाललंय." मी काय फुगायचे तेव्हा!

दोन हजार पाचच्या पुरात हिंदमाता चौकात मांडीएवढं पाणी होतं. शेजारची लक्ष्मी बाळंतपणात अडली होती. तिला इस्पितळाच्या दारात पोहोचवलं आणि तिथंच बंद पडले. तिला मुलगी झाली. माझं इंजिन पाणी पिऊन कायमचं गेलं. रावांनी दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं. आवाज घोगरा झाला, पण पुढं बारा वर्षं राबले.

मग राव गेले. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला. यंदा शेड पाडायची ठरली. नातू ध्रुव रावांच्या पत्नी उर्मिलाबाईंना म्हणाला, "आजी, आता नियम आहे, विंटेजचा, म्हणजे जपण्याजोग्या जुन्या गाडीचा दाखला मिळाला तरच गाड्या ठेवता येतील. नाहीतर भंगार."

काल राकेश नावाचे तपासणीस आले. लाल गाडीचं म्हणाले, "वा! सगळं मूळचं."

असणारच. वापरलंय कुणी?

मग माझं बॉनेट उघडलं. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. "आजी, हिचं इंजिन बदललंय. दाखला नाही मिळणार."

"अहो, बाळंतिणीला पाण्यातून नेताना गेलं ते!" उर्मिलाबाई कडाडल्या. "काय, तिला रस्त्यात सोडायचं होतं?"

"तुमचं खरं आहे हो. पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"मग फॉर्म काय कामाचा तुमचा, मेला!"

ध्रुव म्हणाला, "आजी, सोड ना. त्यांचा काय दोष?"

बाई माझ्या सीटवर येऊन बसल्या. उतरताना दार मात्र अगदी हळू लावलं.

आज सकाळी लाल गाडी नव्या जागेत गेली, धुऊनपुसून. मला न्यायला क्रेन आलीय. मित्रांनो, तुमच्यासाठी जे झिजलं, त्याला "तू पूर्वीसारखी राहिली नाहीस" असं कधी म्हणू नका. माझ्यासाठी उशीर झाला. साखळी लागलीय, पुढची चाकं उचललीत. आयुष्यभर मी इतरांना ओढलं. ओढून नेताना कसं वाटतं, ते आज कळतंय.