चौदा नंबरची रिकामी खुर्ची

मी छतावरचा सेन्सर बोलतोय. मान जरा वर करा. तो पंखा नव्हे, त्याच्या डावीकडे. उपडी घातलेल्या वाटीएवढा, पांढरा, मधोमध बारीक लाल ठिपका असलेला. तुम्ही माझ्याखालून हजारदा गेला असाल आणि एकदाही वर पाहिलं नसेल. राग नाही. मी मात्र दर वेळी तुमच्यासाठी दिवा लावलाय.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायची. समोर येणाऱ्या प्रत्येकापुढे ती हात हलवायची. जो लुकलुकला तो खोक्यात, जो नाही तो टोपलीत. मी लुकलुकलो. आयुष्यातली माझी ती एकमेव परीक्षा, आणि अभ्यासक्रमही तेवढाच: हललं तर माणूस, नाही हललं तर फर्निचर.

शंभर भावंडांबरोबर मी एका चार मजली इमारतीत आलो. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेली माहितीपत्रकं असतात ना, तुम्ही न वाचता फेकता ती, ती इथे छापली जात. तळमजल्यावर छपाईचं दालन, वर कचेऱ्या. मला तिसऱ्या मजल्यावर, तपासणी विभागाच्या छताला बसवलं. बसवणारे वायरमनमामा. तीस वर्षं याच इमारतीच्या तारा ओढलेला माणूस, तोंडात कायम एक स्क्रू धरलेला.

आमच्या उद्घाटनाला बटणरावांनी भाषण केलं. बटणराव म्हणजे इमारत व्यवस्थापक. हे नाव त्यांना लोकांनी मागाहून दिलं, कारण त्यांनी साऱ्या इमारतीतली बटणं काढून टाकली होती. ते म्हणाले, "मंडळी, आजपासून ही इमारत स्वतः विचार करील!"

मागे शिडीवर बसलेले मामा पुटपुटले, "बरं झालं. कुणीतरी करायलाच हवा होता."

खोटं कशाला बोलू, आमचा उपयोग झाला. पूर्वी सुटीच्या दिवशी रिकाम्या खोल्यांत दिवे जळत आणि थंड हवा खुर्च्यांना घातली जाई. ते थांबलं. वीज तिसऱ्या हिश्श्याने कमी लागू लागली. कुणीही सोम्यागोम्या आत शिरायचा, तो दाराशी कार्ड दाखवायला लागला. सभागृहात माणसं वाढली की ताजी हवा आपोआप वाढायची. त्यामुळे सभेत लोक पूर्वी गुदमरून झोपत, ते आता सुखाने झोपू लागले.

मला ऐकू येत नाही असं माझ्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय. पण भिंतीला कान असतात, मग छताने काय पाप केलंय? शिवाय आम्ही सगळे एकाच तारेवरचे. खालच्या दाराला शिंक आली तरी मला तिसऱ्या मजल्यावर कळते.

तर माझ्या बरोब्बर खाली होती चौदा नंबरची खुर्ची. तिथे बसायच्या बिंदूताई. खरं नाव कार्डावर असेल; पण बावीस वर्षं छपाईतले हरवलेले बिंदू, उलटे आकडे, सुटलेले शब्द पकडता पकडता त्यांचं हेच नाव पडलं. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. ताई सकाळी येत, चष्मा लावत, कागदाच्या डावीकडे पट्टी ठेवत आणि वाचू लागत. आणि मग हलत नसत. मान नाही, खांदा नाही. फक्त डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. अंगावर माशी बसली तरी ओळ संपवूनच हाकलणार.

माझी अडचण आली का ध्यानात? मला डोळे फिरलेले दिसत नाहीत. दहा मिनिटं काही हललं नाही की दिवा बंद, हा माझा धर्म. मी दिवा घालवायचो. खालून एक सुस्कारा यायचा आणि एक हात वर व्हायचा. मी दिवा लावायचो. दिवसातून चाळीस वेळा.

त्यांच्या पलीकडे, नऊ नंबरवर, विक्री विभागाचे एक गृहस्थ होते. जेवण झालं की ते खुर्चीतच डुलकी घेत. पण झोपेतही त्यांचा डावा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलायचा. त्यांच्यावर माझ्या तिथल्या भावंडाने दोन-दोन तास प्रकाश पाडलाय. पुढे वर्षाचा 'सर्वाधिक उपस्थित कर्मचारी' म्हणून त्यांना फ्रेम मिळाली, तीही त्याच्याच साक्षीवर.

एकदा ताई मामांना म्हणाल्या, "मामा, याची दहाची तीस मिनिटं नाही का करता येणार?"

"करता येतात. पण कुलूप बटणरावांकडे. दहा मिनिटांवर त्यांची सगळी बचत उभी आहे." मामांनी स्क्रू तोंडातून काढला. "का, फार त्रास होतो?"

"त्रासाचं जाऊ द्या. काल जेवताना आई विचारते, मध्येच हात वर का करतेस, कुणाला बोलावतेस? मला पत्ताच नाही हो. घरीसुद्धा दर दहा मिनिटांनी हात वर जातोय."

दोघंही हसले. मामांचं हसू आधी थांबलं.

सहा महिन्यांनी आमच्या नोंदींचा अहवाल निघाला. ज्या मिनिटाला हालचाल दिसली, तेवढंच मिनिट हजेरीत धरलेलं. रंगीत होता. नऊ नंबर, चौऱ्याण्णव टक्के. चौदा नंबर, अकरा टक्के. अहवाल घेऊन बटणराव स्वतः ताईंच्या टेबलाशी आले.

"बाई, तुम्ही जागेवर नसता."

"मी? साहेब, मी पाणी प्यायलासुद्धा उठत नाही."

"तेच तर! उठत असता तर नोंद झाली असती."

"पण मी आत्ता इथे बसलेय ना तुमच्यासमोर?"

बटणरावांनी आधी अहवालाकडे पाहिलं, मग ताईंकडे. कुणावर विश्वास ठेवायचा हे त्यांचं चटकन ठरलं. "हे बघा, माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल?"

मी छतावर होतो. ओरडावंसं वाटलं. पण आम्हाला तोंड देत नाहीत.

महिनाअखेरीस चौदा नंबरची खुर्ची काढायची असं ठरलं. खुर्ची म्हणजे ताईही, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. त्या दुपारी त्यांनी वाचलं नाही. चष्मा काढून नुसत्या बसून राहिल्या. मामा आले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आईला काय सांगू? बावीस वर्षं रोज गेले, आणि नव्हतेच?"

तिसऱ्या दिवशी आणखी एक सुधारणा झाली. खुर्ची जाणारच आहे तर तपासणीसाठी थांबायचं कशाला, म्हणून कागद थेट छपाईला जाऊ लागले. ताईंकडे यायची ती फक्त दप्तरी ठेवायची प्रत. कुणी वाचा म्हटलं नव्हतं. पण दिसलेला छापील कागद न वाचता सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

सोमवारी सकाळी तान्ह्या बाळांच्या तापाच्या थेंबांचं पत्रक त्यांच्यापुढे आलं. त्या अर्ध्यावर आल्या आणि माझी दहा मिनिटं भरली. मी दिवा घालवला. या वेळी हात वर आला नाही. ताई उठल्या, कागद खिडकीशी नेला, आणि तिथल्या उजेडात त्यांचं बोट एका ओळीवर थबकलं. शून्य बिंदू पाच मिली असायला हवं होतं. बिंदू गळाला होता, शून्यही गेलं होतं. उरला होता नुसता पाच. दसपट.

त्यांनी छपाईला फोन लावला. यंत्रांच्या खडखडाटात कोण उचलणार? छपाईचे मुकादम वरच्या सभागृहात होते. सगळे तिथेच होते, कारण त्याच सकाळी आमच्या इमारतीला 'हुशार इमारत' म्हणून बक्षीस द्यायचं की नाही हे ठरवायला तीन परीक्षक आले होते.

कागद आणि पट्टी हातात घेऊन ताई जिन्याने तळमजल्यावर धावल्या. त्यांना धावताना इमारतीने पहिल्यांदाच पाहिलं; मजल्यामजल्याचे दिवे खाडकन लागत गेले. छपाईच्या दाराशी त्यांनी कार्ड टेकवलं. लाल. पुन्हा टेकवलं. लाल. दाराने मला तारेवरून सांगितलं, "यादीत नाव नाही. ज्याची खुर्ची रिकामी, त्याला आतलं दार कशाला?"

"अहो, उघडा ना हे!" ताई पहारेकऱ्याला म्हणाल्या.

"ताई, दारच नाही म्हणतंय, तर मी कोण हो म्हणणारा?"

"आत चुकीचं औषध छापतायत! लहान मुलांचं!"

"वरून परवानगी आणा."

वर सभागृहाच्या दारालाही त्यांचं कार्ड चालणार नव्हतं. तेवढ्यात वायरमनमामा तिथे आले. त्यांनी कागद पाहिला, ताईंचं तोंड पाहिलं आणि भिंतीवरच्या आगीच्या इशाऱ्याच्या लाल डबीकडे बोट केलं. "ती काच फोडली की सगळी दारं उघडतात. मी फोडू?"

"नको. तुमची नोकरी शिल्लक आहे," ताई म्हणाल्या, आणि पट्टीच्या कडेने काच फोडली.

मग जे झालं ते खरोखर पाहण्यासारखं होतं. चार सेकंदांत इमारतीतली झाडून सगळी दारं उघडली. भोंगे वाजले, जिन्यांत बाण उजळले, छपाईची यंत्रं आपोआप थांबली. माणसं अंगणात ओळीने जमली. नऊ नंबरचे गृहस्थसुद्धा जागे झाले. परीक्षक घड्याळं बघत होते. बटणराव कागदासारखे पांढरे पडले होते. कंपनीचे मालक, मोठे साहेब, घाम पुसत विचारत होते, "आग कुठाय? आग कुठाय?"

ताई पुढे झाल्या. "आग नाही, साहेब. बिंदू पडलाय."

मोठ्या साहेबांनी कागद वाचला. एकदा वाचला, मग बोट ठेवून वाचला. त्यांच्या लेकीचं बाळ चार महिन्यांचं होतं. मान वर करून त्यांनी विचारलं, "किती गठ्ठे बाहेर गेले?"

"एकही नाही," मुकादम म्हणाले. "पहिलाच बांधत होते."

साहेब ताईंकडे वळले. "तुम्ही कुठे बसता, बाई?"

"मी बसत नाही असं कळलंय, साहेब."

संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला: बिंदूताईंच्या सहीशिवाय एकही कागद छपाईला जायचा नाही. बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, इमारत विलक्षण वेळेत रिकामी होते. बटणरावांनी ते हार घालून स्वीकारलं आणि आभाराच्या भाषणात काचेचा उल्लेख टाळला.

दुसऱ्या दिवशी मामांनी ताईंच्या टेबलावर एक साधा दिवा आणून ठेवला. त्याला चक्क बटण होतं.

"हा सिस्टिममध्ये नाही," बटणराव म्हणाले.

"म्हणून तर लागतो, साहेब," मामा म्हणाले.

पुढचा अहवाल वेळेवर आला. चौदा नंबर अजूनही अकरा टक्केच. खाली बटणरावांनी शेरा मारला होता: 'ही खुर्ची रिकामी असतानाही उत्तम काम होते. इतर खुर्च्यांवरही हा प्रयोग करून पाहावा.'

माझं म्हणाल तर त्या अहवालानंतर मला मामांनी तिथून उतरवलं आणि मागच्या जिन्यात बसवलं. ही माझी पदावनती, असं माझी भावंडं म्हणतात. मला तसं वाटत नाही. जिन्यात कुणी बसून वाचत नाही. लोक चढतात, उतरतात, मी दिवा लावतो, ते गेले की घालवतो. मागच्या आठवड्यात एक आजोबा कठड्याला धरून चढत होते, उजेड पडल्यावर त्यांनी पायरी नीट पाहून पाय टाकला. मला फार बरं वाटलं.

तुम्हीही आता वर निघाला आहात. या, लावलाय दिवा, सांभाळून चढा. तुम्ही वर जाऊन काय करता, किती करता, मन लावून करता की नुसता पाय हलवता, हे मात्र मला विचारू नका आणि कुणाला मला विचारूही देऊ नका. मी विचारल्याबरोबर उत्तर देईन, टक्क्यांत देईन, रंगीत देईन. आणि साफ चुकीचं देईन.