कर उतरला तेव्हाचा मोडेम

“वासिती, त्या डब्यावरची धूळ पूस. धूळ बसली की वस्तू आहे त्याहून महाग दिसते!”

दुकानदार फोलाऊचा हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. आता माझ्यापर्यंत सिग्नल पोचत नाही, पण तो आवाज पोचतो. मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. पोटात सिमकार्ड घालून घ्यावं, हिरवा दिवा लावावा आणि समुद्रापलीकडची माणसं घरात आणून बसवावीत, एवढंच माझं काम होतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही हजारो भावंडं, सगळ्यांचा चेहरा एक. आम्हाला खोक्यांत निजवून जहाजावर चढवलं आणि पुष्कळ लाटा मोजून झाल्यावर टोंगा देशात, नुकुअलोफाच्या बंदरात उतरवलं. कारखान्यातून निघताना माझी किंमत लहान होती. जहाजाचं भाडं चढलं, ती वाढली. बंदरावर सरकारचा कर बसला, ती दांडगी झाली. मग घाऊक व्यापाऱ्याने आपला नफा लावला, तोही करासकट झालेल्या रकमेवर. मी मात्र होतो तेवढाच होतो, ओंजळीत मावणारा.

फोलाऊने मला तिथून विकत घेतलं आणि बोटीने आपल्या लहानशा बेटावर आणलं. माझ्यावरची किंमत वाचून त्याच्या बायकोने, वासितीने, कपाळाला हात लावला.

“अहो, इथे लोक साबणाची वडी अर्धी कापून मागतात. हा डबा कोण घेणार?”

“घेतील गं. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी ऑकलंडला गेलंय.”

असं म्हणून त्याने मला पिठाच्या पोत्यांच्या वर, मधल्या फळीवर बसवलं. समोर उघडं दार, दारापुढे नीरफणसाचं झाड, झाडाखाली लोळणारी डुकरं आणि त्यापलीकडे निळं पाणी. तो माझ्या आयुष्यातला रिकामा काळ. तरी आज आठवला की गोड वाटतो.

रोज सकाळी हुलिता दुकानात येई. ती फोलाऊची थोरली बहीण, नवरा वारलेला. तिची लेक पिसिला ऑकलंडला रुग्णालयात कामाला होती आणि तिथेच तिला बाळ झालं होतं, लोपेटी. नातवाचं तोंड हुलिताने अजून पाहिलं नव्हतं. पिसिलाने आईसाठी एक टॅब धाडला होता. पण इंटरनेटवाचून ती नुसती काळी पाटी. तिच्यात हुलिताला आपलंच तोंड दिसे. मोडेमही पाठवते, असं लेक म्हणाली, तर ही म्हणाली, “त्यापेक्षा बाळाला दूध घे.”

हुलिता कधी मीठ घेई, कधी काडेपेटी. घेता घेता माझ्याकडे बघे आणि निघून जाई.

आमच्याकडे बहिणीचा मान फार मोठा. थोरली बहीण आली की भाऊ उठून दुसरीकडे जातो. तिच्यापुढे थट्टा करत नाही, तिच्यासोबत एका खोलीत बसून सिनेमा बघत नाही. आणि तिने काही मागितलं, तर नाही म्हणायची त्याला सोय नाही. म्हणूनच हुलिता मागत नव्हती. ‘हा डबा मला हवा’ एवढं तिच्या तोंडून निघालं असतं, तर फोलाऊने मला त्याच क्षणी तिच्या हातात ठेवलं असतं आणि पुढच्या बोटीने पीठ भरायला त्याच्या गाठीशी काही उरलं नसतं. बरं, आपणहून द्यावं तर तेही अवघड. एकदा त्याने पिठाचं पोतं बहिणीच्या दारात नेऊन ठेवलं, तर तिने महिनोन्‌महिने खपून केलेलं सालीचं कापड त्याच्याकडे पाठवून दिलं.

हे कापड हीच तिची कमाई. झाडाची ओली साल ओंडक्यावर ठेवून ती ठोकत बसे. तिच्या घरचा आवाज वाऱ्यावर दुकानापर्यंत येई आणि त्या तालावर तिचं गाणंही येई:

ठोक ठोक बाई साल, साल होऊ दे पातळ,
दूर गेलेल्या लेकीची वाट होऊ दे जवळ.

एके दिवशी रेडिओवर बातमी आली. इंटरनेटच्या यंत्रांवरचा आयातीचा कर सरकारने कमी केला होता. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर काव्हा, म्हणजे मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसलेल्या पुरुषांना विषयच मिळाला.

“काय फोलाऊ, आता डबे फुकट का?”

“फुकट हवा तर सरकारच्या दारात जा. माझा डबा जुना कर भरून आलाय.”

“मग ने की त्याला परत बंदरावर! म्हणावं, ह्याच्या अंगावरचा कर काढून द्या.”

सगळे हसले. फोलाऊही हसला, पण त्याचं हसू लवकर विझलं. भरलेला कर परत मिळत नसतो.

मित्रांनो, कर उतरला म्हणजे किंमत लगेच धावत खाली येते, असं मलाही वाटलं होतं. तसं होत नाही. ज्याच्याकडे जुना माल आहे, तो जुना भाव धरून बसतो. नवा माल आला तरी व्यापारी म्हणतो, “कर कमी झाला खरा, पण जहाजाचं भाडं वाढलंय ना!” फोलाऊ नुकुअलोफाला जाऊन हेच ऐकून आला. कर दोन पायऱ्या उतरला, तर भाव एक पायरी उतरून तिथेच बसला होता.

इकडे हुलिता वाट बघत होती. एका सकाळी तिने वासितीला हळूच विचारलं,

“कर उतरला म्हणतात गं.”

“हो वन्सं.”

“मग ह्याचा भाव?”

“ह्यांना विचारते थांबा.”

“नको, नको! अजिबात विचारू नकोस. उतरला की दिसेलच मला.”

बहीण आली म्हणून फोलाऊ पडद्यामागे गेला होता. पिठाचं पोतं शिवता शिवता त्याचा हात थांबलेला मी वरून पाहिला.

दुकान बंद करताना त्याने माझ्यावरची किंमत काढली आणि नवी डकवली. वासितीने ती वाचली.

“अहो, हा तर आपल्या खरेदीच्याही खाली गेला!”

“कर उतरलाय ना.”

“एवढा उतरला?”

“आपल्या दुकानात एवढा उतरला.”

वासितीने जुन्या किमतीची चिठ्ठी चुरगळली. मग म्हणाली, “पुढच्या बोटीला पीठ कमी आणू. लोकांना सांगू, समुद्र खवळला होता.”

दुसऱ्या दिवशी हुलिता आली. किंमत वाचली. पुन्हा वाचली. पदरची सगळी कमाई तिने फळीवर ठेवली आणि मला छातीशी धरून घरी नेलं.

त्यानंतरची वर्षं माझी वैभवाची. माझा दिवा हिरवा झाला आणि त्या काळ्या पाटीत लोपेटी हसला. दात नसलेलं, लाळेने भरलेलं हसू. हुलिताने पाटीवर बोट फिरवलं आणि रडता रडता त्याला ओरडली, “अरे, टोपडं कुठंय तुझं? थंडी आहे ना तिकडे!” आळीतल्या बायका मला हात लावून बघत, जणू मीच बाळंत झालो होतो.

दर रविवारी चर्च सुटल्यावर फोलाऊ पायरीवर येऊन बसे. हुलिताचं बोलणं झालं की ती खोकून मागच्या दाराने चुलीकडे जाई. मग तो पुढच्या दाराने आत येई. लोपेटी बोलायला लागला तेव्हा त्याने आईला विचारलं, “आजी गेली की आजोबा येतात. भांडलेत का गं दोघं?” पलीकडे पिसिला आणि अलीकडे फोलाऊ, दोघंही पोट धरधरून हसले.

मग मी म्हातारा झालो. माझा दिवा कधी लागे, कधी नुसताच डोळे मिचकावी. शेवटी मला खिडकीच्या कोनाड्यात ठेवलं. पालीने माझ्या आडोशाला अंडी घातली. मित्रांनो, माझं एक मागणं आहे. नवी यंत्रं स्वस्त होऊ देत, घरोघर येऊ देत. पण स्वस्त मिळाली म्हणून त्यांना आदळू आपटू नका आणि जुन्यांना समुद्रकाठच्या कचऱ्यात लोटू नका. आमच्या पोटातलं विष माशांच्या पोटात जातं. आम्हाला नीट उघडून, दुरुस्त करून बघा. नाहीच जमलं, तर जपून निरोप द्या.

गेल्या नाताळात पिसिला लेकाला घेऊन आली. सोबत नवा मोडेम होता, पापडासारखा चपटा.

“आई, हा जुना टाकू? नवा अगदी स्वस्तात मिळाला. मामाने हा तुला केवढ्याला दिला होता गं?”

फोलाऊ पायरीवर होता, दाराकडे पाठ करून. तिथूनच म्हणाला, “तोही स्वस्तच होता पोरी. सरकारने कर उतरवला होता.”

हुलिताने मला कोनाड्यातून उचलून मांडीवर घेतलं. भावाकडे न बघता ती लेकीला म्हणाली, पण आवाज पायरीपर्यंत जाईल एवढा ठेवला:

“सरकारने थोडा उतरवला होता, पिसिला. बाकीचा तुझ्या मामाने उतरवला. नुकुअलोफाला नवा डबासुद्धा ह्याच्याहून महाग होता. बोटीवरून उतरलेल्या बायकांना मी विचारलं होतं. पण तेव्हा तसं बोलले असते, तर त्याने माझ्याकडून दमडीही घेतली नसती. म्हणून इतकी वर्षं गप्प बसले.”